ताईच्या सिडकोत चार दिवस, चार बाजार

जिंतूरकडची माणसं छत्रपती संभाजीनगरला जातात ती ठरलेल्या कामांसाठी. घाटीच्या सरकारी दवाखान्यात कुणी ॲडमिट असतं, खंडपीठात तारीख असते, नाहीतर लेकराची परीक्षा असते. सकाळच्या एसटीनं जायचं, काम उरकायचं आणि दिवे लागायच्या आत परतीची गाडी धरायची. मीही वीस-बावीस वर्षं हेच केलं. माझी सख्खी मोठी बहीण तिथं सिडकोच्या एन-नाइनला राहते, तरी तिच्याकडं चहापुरतं टेकायचं आणि निघायचं. वेरूळ-अजिंठा शाळेच्या सहलीत झालं, पण ताई राहते ते शहर काही पाहिलं नव्हतं. यंदा संक्रांतीच्या आधी शिलाईच्या दुकानाला कुलूप लावलं आणि बुधवार ते रविवार तिच्याकडं राहून आले.

निमित्त होतं आईच्या पैठणीचं. भाचीचं लग्न ठरलंय. आईची वांगी रंगाची पैठणी पोतात पार विरलीय, बोट लावलं तरी फाटते. पण काठ आणि पदर अजून टणक आहेत. ते उसवून नव्या रेशमी कापडावर चढवायचे आणि भाचीला द्यायचे, असं माझ्या मनात. त्यासाठी त्याच वांगी रंगाचं कापड हवं होतं. पौषात बस्ता बांधत नाहीत, म्हणून लग्नाची बाकी खरेदी नव्हती. हे एकच कापड आणि संक्रांतीचं वाण.

बुधवार

मंठा, वाटूर, जालना, बदनापूर. गाडी वेळेवर होती, बायकांना अर्धं तिकीट, विशेष सांगण्यासारखं काही नाही. एवढंच सांगते, जालन्याकडून येत असाल आणि सिडको-हडकोत जायचं असेल तर मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत बसून राहू नका. सिडको बसस्थानकावरच उतरा. मी आजवर पुढपर्यंत जाऊन उलटं येत होते.

ताईचं घर पवननगरच्या बाजूला. सिडकोनं इथं 1970 च्या दशकात वसाहत आखायला घेतली, एन-वन, एन-टू करत नंबर दिले, आणि ते नंबरच गावांच्या नावांसारखे झाले. इथं कुणी 'कुठं राहता' असं विचारलं की माणूस 'एन-सेवन' म्हणतो आणि समोरच्याला घराचा आकारसुद्धा कळतो. ताईच्या सासऱ्यांना मिळालं ते घर म्हणजे एक खोली, मोरी आणि पुढं थोडी मोकळी जागा. आता त्यावर दोन मजले चढलेत. पण जुनी खोली आत तशीच आहे. स्वयंपाकघर आणि बैठकीच्या मध्ये जी भिंत आहे ती पूर्वीची बाहेरची भिंत. तिला खिडकीचे गज अजून आहेत, आणि त्या गजांना ताई लसणाच्या जुड्या टांगते.

मी घरून येसर म्हणजे आमटीचा मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि तुरीच्या शेंगा नेल्या होत्या. ताईनं पिशवी उघडून आधी येसराचा वास घेतला. रात्री येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी. जेवताना दाजींनी विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, रविवारपर्यंत. ताई म्हणाली, "मग बरंच झालं. शुक्रवारी आपलं पाणी आहे, तूही हाताखाली येशील." इथं वाराबरोबर पाण्याचा दिवसही लक्षात ठेवतात. पाहुणे बोलावणं, कपडे भिजवणं, गहू धुणं, सगळं त्या दिवसावर.

गुरुवार

गुरुवार म्हणजे छावणीचा बाजार. टीव्ही सेंटरच्या चौकात, संभाजी महाराजांच्या पुतळ्यापाशी, सकाळी उभं राहिलं की शहर कसं चालतं ते कळतं. एका कोपऱ्यावर कंपन्यांच्या बसेसची वाट पाहणारी पोरं, गळ्यात ओळखपत्र, हातात डब्याची पिशवी. दुसऱ्या कोपऱ्यावर शेअर रिक्षा. आणि मध्ये शहर बसचा थांबा. 2019 पासून 'माझी स्मार्ट बस' सुरू झाली तेव्हापासून ताई रिक्षात कमी बसते. तिचे गुडघे दुखतात. शेअर रिक्षात मागं चौघीजणी दाबून बसल्या की गुडघा वळवायला जागा उरत नाही. बसमध्ये पाय लांब करता येतो, एवढंच तिचं कारण, आणि मला ते पुरेसं वाटतं.

बसमध्ये शेजारी बसलेल्या बाई कंधारच्या. त्यांनी माझी पिशवी मांडीवर घेतली आणि म्हणाल्या, "कुठलं गाव, माय?" जिंतूर म्हटल्यावर त्यांच्या जावेचं माहेर बोरीचं निघालं. पुढच्या सीटवरची मुलगी वळून म्हणाली, "मी सेनगावची." तिच्या पलीकडचे काका भोकरदनचे. अर्धा तासाच्या प्रवासात बसमध्ये निम्मा मराठवाडा भेटला. पुढचे चारही दिवस हेच. कुणीही पहिला प्रश्न 'काय करता' असा विचारत नाही, 'गाव कोणतं' असाच विचारतं.

उतरायचं होतं महावीर चौकाला. मी कंडक्टरला महावीर चौक म्हटलं. तो म्हणाला, "बाबा का?" बाबा पेट्रोल पंप हे त्या चौकाचं तोंडी नाव. नवख्यांनी हे ध्यानात ठेवावं. रिक्षावाले 'बाबा-बाबा-बाबा' ओरडत असतात ते कुणा माणसाला हाक मारत नसतात. नगर नाक्याकडं जायचं असेल तर हेच बदलीचं ठिकाण.

छावणीचा बाजार खाम नदीच्या अलीकडं-पलीकडं विचारत गेलात तर सापडतोच. भोगी जवळ आलेली, म्हणून भाजीच्या ढिगांना रंग चढलेला. वालाच्या शेंगा, हरभऱ्याचे ढाळे, गाजरं, बोरं, पातीचा कांदा, आणि काळी-जांभळी वांगी. वांग्यांच्या ढिगासमोर मी पदराचा तुकडा काढून धरला. ताई म्हणाली, "इथं भाजी घेतात." पण रंग खरंच तोच होता, देठाजवळच्या भागाचा. पुढं सुगडांची ओळ होती. कुंभारणीनं प्रत्येक सुगडं बोटानं टिचकी मारून वाजवून दिलं. बद्द वाजलं की बाजूला ठेवायची. पाच सुगडं घ्यायला तिनं आठ वाजवली.

दुपारी तसंच पुढं वाळूजला गेलो, ताईचा मोठा मुलगा बजाजनगरात भाड्यानं राहतो. 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना इथं आला आणि त्याच्याभोवती एक आख्खं गाव उभं राहिलं. वाटेत पंढरपूर लागतं. सोलापूरचं नव्हे, हे वाळूजजवळचं छोटं पंढरपूर. ज्यांना वारीला जमत नाही ते आषाढीला इथं येतात, आणि त्या दिवशी हा रस्ता माणसांनी भरून जातो. आम्ही पौषातल्या दुपारी गेलो तेव्हा देवळात पाच-सात माणसं होती. निवांत दर्शन झालं.

परत येताना अंधार पडला आणि शिफ्ट सुटली. त्या वेळी या रस्त्यानं निघू नका. एक तर चारच्या आत निघा किंवा आठनंतर. आम्ही घाईत रिक्षा धरली. सिडकोपर्यंत ठरवलं होतं. सेव्हन हिल्सच्या पुलापाशी रिक्षावाल्यानं गाडी बाजूला घेतली, म्हणाला, पुढं येत नाही, दुसरं भाडं मिळालं. ताईच्या हातात सुगडं, माझ्या हातात भाजी. मी भांडायला लागले. ताईनं माझा हात धरून मला रस्त्याच्या कडेला घेतलं. तिचा गुडघा तेव्हा इतका सुजला होता की तिला उभं राहवत नव्हतं, आणि ती मला ते सांगत नव्हती. एका चहाच्या गाड्यावरच्या माणसानं न विचारता प्लॅस्टिकचा स्टूल आणून दिला. पाऊण तास आम्ही तिथं बसलो. गाव विचारलं तर तो घनसावंगीचा. चहाचे पैसे घेतले, स्टुलाचं बसणं मात्र आपलंच म्हणाला. एक सुगडं त्या गडबडीत फुटलं.

शुक्रवार

पहाटे चारला पाणी आलं. ताईनं आधी दिवा लावला नाही, आधी मोटार लावली. हौद, टाकी, ड्रम, हंडे, घागरी, आणि शेवटी पातेलीसुद्धा. गल्लीत सगळ्या घरांचे दिवे लागलेले, बायका पायऱ्या धुवायला लागलेल्या, कुणी कुणाला ओरडून विचारतंय, "तुमच्याकडं प्रेशर आहे का?" शहरात पाणी पैठणहून येतं, जायकवाडीच्या नाथसागरातून. गोदावरी आमच्या परभणी जिल्ह्यातूनही पुढं जाते. तिचं पाणी इथं हंड्यात भरताना मला घरच्यासारखं वाटलं. साडेपाचला धार बारीक झाली. ताईनं सुशीला केली, मुरमुरे भिजवून, भरपूर कांदा घालून. अंगणात थंडीत शाल गुंडाळून आम्ही ती खाल्ली. शरीर दमलेलं, भांडी भरलेली. त्या दिवशी तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी सणाला पाहिलं नाही.

मग सिडको पायी. ताईचा गुडघा शेकून थोडा उतरला होता, पण तिला मी घरी ठेवलं आणि भाचीला बरोबर घेतलं. एन-एटच्या बागेत सकाळी म्हातारी माणसं फेऱ्या मारतात आणि बाकांवर गटागटानं बसतात. एका बाकावर निवृत्त शिक्षक, एकावर एसटीतले, असं भाची सांगत होती. सिडकोतली गंमत मला अशी वाटली की आखणारानं रस्ते सरळ आखले आणि राहणाऱ्यांनी त्यांना गावपण दिलं. दारापुढं तुळस, कट्ट्यावर निवडायला घेतलेली मेथी, कुठं पत्र्यावर वाळत घातलेले वडे. 2006 मध्ये ही वसाहत महापालिकेकडं गेली, पण पत्त्यात सिडको आहेच.

कॅनॉटला खरेदी करायची तर संध्याकाळी जावं, सकाळी अर्धी दुकानं बंद असतात. आम्ही दुपारी गेलो. मधल्या बागेभोवती दुकानांची रांग, वर क्लासेस, खाली खाण्याच्या गाड्या. एका मॅचिंगच्या दुकानात मला वांगी कापड सापडलं. ट्यूबलाइटखाली पदराला लावून पाहिलं, तंतोतंत. आनंदात साडेपाच मीटर फाडून घेतलं. शिलाईकाम करणारी बाई मी, माझ्याकडून ही चूक व्हायला नको होती.

घरी येऊन तुकडा कोमट पाण्यात टाकला. दोन मिनिटांत पाणी गुलाबी. कापड उन्हात धरलं तर वांगी नव्हेच, जामुनी. असं कापड आईच्या काठाखाली लावलं असतं तर पहिल्याच धुण्याला जरीत रंग उतरला असता. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. पैशापेक्षा आईच्या काठाचं वाटलं. (फाडलेलं कापड दुकानात परत घेत नाहीत. त्याचं अस्तर होईल, वाया जाणार नाही.) शिवणाऱ्या बायकांना माहीत असतं तरी पुन्हा सांगते. आधी चिंधीभर मागून घ्या, ओली करून पांढऱ्या रुमालावर घासा, मग फाडायला सांगा.

संध्याकाळी चिकलठाण्याचा शुक्रवारचा आठवडी बाजार. जालना रोडला विमानतळाजवळ, पण आत शिरलं की चक्क गावचा बाजार. आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरून शेतकरी आपलाच माल घेऊन येतात. एका आजोबांनी कणसं पोत्यावर चोळून हुरडा काढून दिला, तळहातावर तीळ-खोबऱ्याची चटणी घातली. बाजारातून मान वर केली तर डोक्यावरून विमान उतरत होतं, दिवे लावून. आजोबांनी वर पाहिलंसुद्धा नाही. थंडी कडक होती, हुरडा गरम होता.

शनिवार

ताई म्हणाली, "आज मी येते. गुलमंडी तुला एकटीला जमायची नाही." टीव्ही सेंटरहून औरंगपुऱ्याला बस मिळाली. औरंगपुऱ्यात उतरलं की पैठण गेट, टिळक पथ, गुलमंडी, मछली खडक हे सगळं पायाखाली. गाडी घेऊन या भागात शिरू नये, गाडी लावायला जागा शोधण्यात खरेदीचा वेळ जातो. उपनगरांतून बसनं यावं आणि चालावं.

सुपारी हनुमानाला नमस्कार करून आम्ही दुकानं पालथी घातली. सहा दुकानांत वांगी म्हणून जांभळा दाखवला, मरून दाखवला, एकानं चक्क चॉकलेटी दाखवला. सातवं दुकान मागच्या बोळात, जेमतेम आठ फूट रुंद, छतापर्यंत ताके. गादीवर सत्तरीचे गृहस्थ. मी पदराचा तुकडा पुढं केला. त्यांनी कापड दाखवलं नाही, आधी तुकडा उलटा केला. बोटानं मोराच्या पिसाऱ्यामागून फिरवलं. मागच्या बाजूला एकही लोंबता धागा नव्हता, मोर मागूनही तसाच. म्हणाले, "हातमागाची आहे, बाई. यंत्रावरची असती तर मागं धागे लोंबले असते. कुणाची?" मी म्हटलं, आईची. "आई आहेत?" नाहीत म्हटलं. ते उठले आणि स्टुलावर चढून वरच्या फळीवरचा ताका स्वतः काढला, पोराला सांगितलं नाही.

ताका उलगडायच्या आत म्हणाले, "आत बघू नका. बोळाच्या तोंडाशी ऊन आहे, तिथं घेऊन जा." आम्ही अख्खा ताका उचलून रस्त्यावर नेला. ताईनं एक टोक धरलं, मी पदर लावला. येणारे-जाणारे वळून बघत होते. उन्हात काठाची जरी पेटल्यासारखी दिसली आणि खालचं कापड परवाच्या छावणीतल्या वांग्यासारखं, देठाजवळच्या रंगाचं. मी रुमाल ओला करून घासला. पांढरा तो पांढराच राहिला. ताईचे डोळे भरले. ती रस्त्यावरच म्हणाली, "आई हे नेसून माझ्या लग्नात पंगत वाढत होती. पदर खोचलेला, एवढी महागाची साडी आणि हातात वरणाची बादली."

इम्रती खाल्ल्याशिवाय गुलमंडीवरून परत येऊ नये. जिलबी मैद्याची, इम्रती उडदाच्या डाळीची, म्हणून ती चावताना किंचित कुरकुरते आणि आत पाक धरून ठेवते. कारागीर कापडाच्या पिळलेल्या पुरचुंडीतून आधी कढईत कडं काढतो, मग त्या कड्यावर फुलाच्या पाकळ्यांसारखे वेढे. थांबून बघा, गरम मिळते.

तिथं बाकावर बसून ताई पहिल्यांदा तिच्या सुरुवातीच्या वर्षांबद्दल बोलली. लग्न होऊन आली तेव्हा तिला बस-रिक्षाची भीती वाटायची. एकदा गुलमंडीवरून परत जाताना चुकीच्या रिक्षात बसली आणि मुकुंदवाडीला उतरली. कडेवर लेकरू, पदराला बांधलेले पैसे संपलेले. तेव्हा मुकुंदवाडीच्या एका बाईनं तिला हात धरून एन-नाइनपर्यंत पायी आणून सोडलं होतं. ती बाई पुढं कधी भेटली नाही. "नाव विचारायचं राहून गेलं," ताई म्हणाली. "गाव तेवढं विचारलं होतं. परतूर." मी बावीस वर्षं चहा पिऊन परत जात होते, म्हणून मला हे माहीत नव्हतं.

संध्याकाळी भाचीनं हट्टानं प्रोझोनला नेलं. मॉल आहे, स्वच्छ आहे, गार आहे. फूड कोर्टवर दाजींनी सगळ्यांना आइस्क्रीम दिलं.

रविवार

परतीच्या आधी जाफर गेटचा रविवारचा बाजार. मोंढ्याच्या अंगाला. सकाळी आठ-नऊला गेलात तर नीट बघता येतो, अकरानंतर पाय ठेवायला जागा नसते. पाकीट पुढच्या खिशात, पिशवी पोटाशी. धान्य, मिरच्या, कोंबड्या, जुनी सायकल, जुने टेबलफॅन, कोयते, खुरपी, विळे. माझं काम होतं कात्र्यांच्या ओळीशी. शिंपीकामाची जुनी लोखंडी कात्री मिळाली, पात्यांना गंज, पण खिळा घट्ट. धार लावणारा शेजारीच बसलेला. चाक फिरवून त्यानं ठिणग्या उडवल्या, मग माझ्याकडं न बघता माझ्याच रुमालाचं टोक कापून दाखवलं. आता तो रुमाल एका कोपऱ्यात तिरका आहे.

ताईनं तिथं संक्रांतीच्या वाणासाठी छोटे पितळी हळदीकुंकवाचे करंडे पाहिले, भाव केला, सोडले, परत मागं जाऊन घेतले. एकवीस. शेजारणींना, मुकुंदवाडीला दिलेल्या नणंदेला, टीव्ही सेंटरच्या भाजीवालीला. मोजून झाल्यावर एक मागं उरला. तो मला दिला नाही, पिशवीत परत ठेवला.

दुपारी सिडको स्थानकावर गाडी लागलेलीच होती, खिडकीची जागा मिळाली. ताईनं खिडकीतून ताक्याचं पुडकं आत दिलं, मग पाण्याची बाटली, मग दोन इम्रती कागदात. गाडी मुकुंदवाडीच्या चौकात सिग्नलला थांबली तेव्हा तिचा फोन आला. "बाजूला कोण बसलंय?"

मी शेजारच्या बाईंना विचारलं, आणि ताईला सांगितलं, "परतूरच्या नाहीत. मंठ्याच्या आहेत."

"बरं," ती म्हणाली. "पोचल्यावर कळव. आणि काठ उसवताना मी सांगितलेली बारीक सुई घे."